स्पेनमध्ये एक सत्र: सालामांकाला जाताना काय, कधी आणि कशा क्रमाने करायचं

स्पेनच्या विद्यापीठातलं एक सत्र परीक्षा धरून साधारण वीस आठवड्यांचं असतं. त्यातले पहिले तीन-चार आठवडे खोली शोधण्यात, विषय बदलण्यात आणि समोरचा काय बोलतोय ते न कळण्यात गेले, की हातात फार थोडं उरतं. मी पुण्याहून तिसऱ्या वर्षाला असताना सालामांकाला एका सत्रासाठी गेले होते. तेव्हापासून दरवर्षी कुणी ना कुणी धाकटं मंडळ विचारायला येतं, आणि मी प्रत्येकाला पहिल्यांदा एकच सांगते: जायच्या दहा महिने आधी सुरुवात करा, म्हणजे ते वीस आठवडे पूर्ण तुमचे राहतील.

शहर आणि सत्र

बहुतेकांच्या डोक्यात माद्रिद किंवा बार्सिलोना असतं. एका सत्रासाठी मी ती शहरं सुचवत नाही. भाडं जास्त, अंतरं मोठी, आणि इंग्रजीवर निभावून नेता येतं, हा सर्वांत मोठा तोटा. बार्सिलोनात तर विद्यापीठातले बरेच वर्ग कातालान भाषेत चालतात, हे तिथे पोचल्यावर कळलं तर पंचाईत होते. सालामांका आणि ग्रानादा ही दोन शहरं विद्यार्थ्यांच्या जिवावर चालतात. पायी फिरता येतात, खोल्या स्वस्त मिळतात, आणि किराणा दुकानात स्पॅनिश बोलल्याशिवाय सुटका नसते.

सालामांका विद्यापीठ 1218 साली स्थापन झालं. स्पेनमध्ये आज सुरू असलेलं सर्वांत जुनं विद्यापीठ ते हेच. परदेशी मुलांना सांभाळण्याची त्यांना सवय आहे आणि भाषेच्या परीक्षा घडवण्यात त्यांचा हात असतो. गावाची बोलीही स्वच्छ, शिकणाऱ्याला पकडता येईल अशी. ग्रानादात आंदालुसियन उच्चार आहेत. शब्दाच्या शेवटचा 'स' गळतो. कान तयार झाला की तो उच्चार फार गोड वाटतो, पण पहिल्या महिन्यात जड जातो.

स्पेनचं पहिलं सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि जानेवारीच्या परीक्षांनी संपतं. दुसरं जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होऊन जूनमध्ये संपतं. आपल्याकडे सम सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं, म्हणजे स्पेनचं पहिलं सत्र धरलं तर आपली दोन्ही सत्रं अर्धी-अर्धी कापली जातात. दुसरं सत्र धरलं तर एकच सम सत्र जातं आणि जूनअखेर परत येऊन पुढच्या वर्षाला वेळेत बसता येतं. म्हणून जानेवारीत निघायचं ठरवा आणि तयारी आदल्या मार्चपासून धरा.

जायचे मार्ग

तुमच्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा स्पेनमधल्या विद्यापीठाशी करार असेल, तर तो सर्वांत चांगला मार्ग. फी इथेच भरायची, तिकडे शिकवणी शुल्क नाही. दुसरा मार्ग इरॅस्मस प्लसचा, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचा. त्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही दरमहा मदत आणि प्रवासखर्च मिळतो, पण अर्ज तुमच्या संस्थेमार्फतच जातो, तुम्ही एकट्याने करू शकत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन 'आपला करार कुणाशी आहे' हे नावानिशी विचारा. संकेतस्थळावरच्या यादीत मुदत संपलेले करारही असतात. तिसरा मार्ग म्हणजे स्वखर्चाने पाहुणा विद्यार्थी म्हणून किंवा विद्यापीठाच्या भाषा-केंद्रात सत्रभराचा अभ्यासक्रम घेऊन जाणं. भाषा हेच ध्येय असेल तर हा मार्ग कमी दर्जाचा मुळीच नाही.

क्रेडिटचं काम सहीशिवाय सोडू नका

युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात. एका सत्राचे 30, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. त्यात वर्ग, वाचन, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं आलं. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, म्हणजे सत्राचे 600 तास आणि 20 क्रेडिट. हिशेब मांडून बघा: 24 ईसीटीएस गुणिले 25 तास, बरोबर 600. स्पेनमध्ये बहुतेक विषय 6 ईसीटीएसचे असतात, म्हणजे चार विषयांत आपल्या सत्राएवढं काम होतं. पाचवा विषय घ्यायचा की नाही हे तुमच्या कॉलेजच्या नियमावर आहे, पण 'तिकडे 30 केलेच पाहिजेत' असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. मी पाहिलंय, बोलण्यापेक्षा असा कागद लवकर पटतो.

विषय निवडताना नावावर जाऊ नका. स्पेनमध्ये प्रत्येक विषयाची 'गिया दोथेन्ते' म्हणून एक पुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. आठवड्याचे तास, वाचायची पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे गुण कशाला किती, हे त्यात टक्क्यांनी लिहिलेलं असतं. लेखी परीक्षेला 70 टक्के असलेला विषय आणि प्रकल्प-सादरीकरणावर चालणारा विषय यांत परक्या भाषेत शिकणाऱ्याला फार मोठा फरक पडतो. म्हणून प्रकल्पाचे विषय घ्या. गटात काम करावं लागतं, आणि स्पॅनिश मुलांशी ओळख होण्याचा तो सर्वांत सोपा रस्ता आहे.

मग लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. त्यावर तिघांच्या सह्या लागतात: तुमची, तुमच्या कॉलेजची, तिकडच्या विद्यापीठाची. इथला कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाने भरून निघणार, हे त्यात ओळ-दर-ओळ असतं. माझी चूक इथेच झाली. पहिल्या आठवड्यात दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर आल्या म्हणून मी एक बदलला, तिकडच्या समन्वयकांनी होकार दिला, आणि इकडची नवी सही घ्यायची राहिली. परत आल्यावर ते सहा क्रेडिट वर्षभर लटकले. बदल जवळजवळ सगळ्यांनाच करावा लागतो, म्हणून निघण्याआधीच परीक्षा विभागात विचारून ठेवा की बदलाची सही ईमेलवर चालेल का आणि ती कुणाची लागेल. उत्तर लेखी घ्या.

गुणांचंही आधीच ठरवून घ्या. तिकडे दहापैकी गुण देतात आणि पाचला पास. 5 ते 6.9 'आप्रोबादो', 7 ते 8.9 'नोताब्ले', 9 च्या पुढे 'सोब्रेसालियेन्ते'. त्याहून वरची 'मात्रिकुला दे ओनोर' वर्गातल्या फार तर पाच टक्के मुलांना देता येते. तिकडचा नऊ सहज पडत नाही. आपल्या गुणपत्रिकेत 7.5 चे सरळ 75 टक्के धरायचे की श्रेणीला श्रेणी लावायची, याचा निर्णय तुम्ही परत आल्यावर होऊ नये.

भाषा: मराठी माणसाला हाताशी असलेलं भांडवल

स्पॅनिशमधून शिकायचं तर बी1, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती मधली पातळी, धरून चला. बऱ्याच विभागांत ती मागतात, आणि मागितली नाही तरी लागतेच. देले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. भारतात त्यासाठी दिल्लीचं इन्स्तितुतो सेर्वान्तेस हे मुख्य केंद्र. शून्यापासून बी1 ला दहा महिने लागतील असं धरा, तेही रोज तासभर दिला तर.

मला मनापासून वाटतं की आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो तिथेच अर्धी शक्ती वाया जाते. इंग्रजी पुस्तकात 'मे गुस्ता' या रचनेवर तीन पानं खर्ची पडतात, कारण इंग्रजीत ती उलटी वाटते. मराठीत? 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. आवडणारी गोष्ट कर्ता, क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं, आणि आपण 'मला'. अनेकवचन झालं की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', 'मला पुस्तकं आवडतात'. शिकायला काही उरतच नाही. 'मे दुएले ला काबेथा', माझं डोकं दुखतं. डोकं दुखतं, मी दुखवत नाही.

तसंच भूतकाळाचं. 'फुई' आणि 'इबा' यांत मुलं वर्षभर अडकतात. 'फुई' म्हणजे गेलो, 'इबा' म्हणजे जायचो. 'लहानपणी आम्ही आजोळी जायचो, एकदा गेलो आणि पाऊस लागला': या वाक्यात कुठे काय येणार हे तुमच्या जिभेला माहीत आहे. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो सुब्खुन्तिवो, म्हणजे इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप? 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. आपलं 'यावं, करावं, व्हावं' जिथे येतं तिथे बहुतेक वेळा तो येतो. सगळीकडे हे जमणार नाही, पण सुरुवातीचे सहा महिने हा आधार पुरतो. अडचण येते ती 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांत, कारण आपल्याकडे दोन्हीला 'आहे'. तिथे मात्र पाठांतराला पर्याय नाही.

उच्चारात तर आपण घरचेच. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांवर जीभ टेकवून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीच्या सवयीने 'ट' आणि 'ड' करू नका, 'टापास' नाही, 'तापास'. 'र' आपलाच, दोन असले की लांबवायचा. स्वर पाच, स्वच्छ. स्पेनमध्ये 'ग्राथियास' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'ग्रासियास'. तुम्ही जिथे राहता तिथलं उचला. शब्दही ओळखीचे भेटतात. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या साबणाचा भाऊ तिथला 'खाबोन', चावीची बहीण 'याबे', आणि आपला पगार ज्यातून आला ते 'पागार' म्हणजे पैसे देणं. नारिंग आणि 'नारांखा' यांचा प्रवास उलटा: शब्द आपल्या बाजूने निघून फारसी-अरबीतून तिकडे पोचला.

व्हिसा

इथे सर्वांत आधी दिवस मोजा. 20 जानेवारीला पोचून 30 जूनला निघालात तर 162 दिवस होतात. 180 दिवसांच्या आतल्या शिक्षणासाठी जो व्हिसा मिळतो त्यावर तिकडे वेगळं ओळखपत्र काढावं लागत नाही, आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र व वैद्यकीय दाखला हे कागद नियमाने 180 दिवसांहून जास्त मुक्कामालाच लागतात. म्हणजे तारखा 180 च्या आत बसल्या तर महिन्याभराचं काम वाचतं. सत्राचं वर्ष करायचा विचार मनात असेल तर तो आधीच करा आणि लांबचा व्हिसा घ्या. त्यात पोचल्यापासून एका महिन्यात 'तिये' नावाचं परदेशी रहिवाशांचं कार्ड काढावं लागतं: अर्ज एक्स-17, शुल्काचा फॉर्म 790 कोड 012, आणि बोटांचे ठसे द्यायला पोलिसांची आधी घेतलेली वेळ. ही वेळ मिळणं हेच मोठं काम असतं, म्हणून विमानतळावरून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच शोधायला लागा.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मुलांचे अर्ज मुंबईतल्या स्पेनच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात, आणि ते बीएलएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जमा होतात. त्यांच्या कागदांच्या यादीतला क्रम मोडू नका. प्रवेशपत्रात सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख असलीच पाहिजे. नसेल तर विद्यापीठाला लगेच लिहा.

पैशांचा पुरावा इप्रेम या सरकारी मोजमापावर ठरतो. ते 2023 पासून महिन्याला 600 युरोवर आहे, म्हणजे सहा महिन्यांना 3600 युरो. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ती पावती जोडा. आई-वडील खर्च करणार असतील तर त्यांचं हमीपत्र आणि बँकेचे उतारे. अचानक मोठी रक्कम खात्यात आली तर ती कुठून आली याचा कागदही जोडावा, नाहीतर प्रश्न येतात.

विम्यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात. प्रवास विमा चालत नाही. स्पेनमध्ये काम करण्याची परवानगी असलेल्या कंपनीचा संपूर्ण आरोग्य विमा हवा, आणि तो 'सिन कोपागोस नि कारेन्थियास' असला पाहिजे: दर भेटीला वेगळे पैसे नाहीत, आणि सुरुवातीचा थांबण्याचा काळ नाही. हे शब्द विमापत्रात लिहून घ्या. चारित्र्य प्रमाणपत्रासारखे सरकारी कागद लागलेच तर त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लावलेली मोहोर, आणि मग अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर, याच क्रमाने. भाषांतर आधी केलं तर अपोस्टिलचं पान भाषांतराविना राहतं आणि पुन्हा पैसे जातात.

खोली

इथून खोलीचे पैसे पाठवू नका. इदेआलिस्तासारख्या साइटवर सुंदर फोटो, परदेशात गेलेला मालक, आणि 'आगाऊ पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं दिसलं की ती फसवणूक समजा. पहिले आठ-दहा दिवस हॉस्टेल किंवा विद्यापीठाच्या वसतिगृहात काढा, दुपारी पायी फिरून चार फ्लॅट बघा. नेहमीच्या राहत्या घराच्या भाडेकराराला कायद्याने एक महिन्याची 'फियान्था', म्हणजे अनामत, ठरलेली आहे, आणि सत्रापुरत्या हंगामी कराराला दोन महिन्यांची. त्याहून फार जास्त कुणी मागत असेल तर का, ते विचारा.

फ्लॅट बघताना दोन प्रश्न हमखास विचारा. 'गास्तोस इन्क्लुइदोस?' म्हणजे वीज-गॅस-पाणी भाड्यात आहे का. आणि 'काले‌फाक्थियोन थेन्त्राल?' म्हणजे हीटर इमारतीचा आहे की तुमच्या वीजबिलावर. सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर आहे. फेब्रुवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि वीजबिलाच्या धाकाने स्वेटर घालून अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. सहनिवासी स्पॅनिश बोलणारे शोधा. भारतीय मुलांसोबत राहण्याचा मोह फार होतो, थंडीच्या पहिल्या आठवड्यात तर जास्तच. पण रात्रीच्या जेवणाच्या गप्पांत मिळणारी भाषा कुठल्याही वर्गात मिळत नाही.

सामान आणि जेवण

आजीने दिलेलं तूप आणि पेढे मागे ठेवावे लागतील. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता, आंबे, हिरव्या मिरच्या हेही नाही. रोपांचं आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर अननस, केळी, नारळ, खजूर, दुरियन एवढीच फळं चालतात. गोडा मसाला, हिंग, हळद, मेतकूट घ्या. छोटा कुकर घ्या.

डाळीची काळजी करू नका. सालामांकाच्या उत्तरेला ला आर्मुञा नावाचा भाग आहे, तिथल्या मसुरांना संरक्षित भौगोलिक ओळख आहे. त्यांची आमटी मला इथल्या मसुरापेक्षा जास्त आवडायला लागली. शिजवलेले हरभरे आणि मसूर काचेच्या बरण्यांत कुठल्याही दुकानात मिळतात.

शाकाहारी असाल तर 'सोय बेखेतारियाना' (मुलांनी 'बेखेतारियानो') एवढं म्हणून थांबू नका. भाजीच्या सॅलडवर ट्यूना येतो, मसुराच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा असतो, आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून', म्हणजे मांस नको, हॅम नको, ट्यूना नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. स्पेनची तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं. जेवण दुपारी दोन-अडीचनंतर, रात्रीचं नऊनंतर. मध्ये पाचच्या सुमाराला काहीतरी खायची सवय लावा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी भाजी आणून ठेवा.

पहिले सहा आठवडे

माद्रिदच्या बाराखास विमानतळावरून सालामांकाला बसने अडीच-तीन तास लागतात. पहिल्या तीन दिवसांत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात नाव नोंदवा, पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या, विद्यार्थी ओळखपत्राचा अर्ज करा. आपत्कालीन क्रमांक 112. घरी फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली की साडेतीन तासांचा.

प्राध्यापकांना पहिल्या नावाने आणि 'तू' म्हणून हाक मारायची असते. माझ्या तोंडून ते दोन आठवडे निघेना. मी वाक्यच असं फिरवायची की नाव घ्यावं लागू नये. त्यांनीच एकदा हसून सांगितलं, मग सुटलं. प्रत्येक प्राध्यापकाचे आठवड्यात 'तुतोरिया'चे तास असतात. पहिल्याच आठवड्यात जा, 'मी एका सत्रासाठी आले आहे, लिहिताना मला अमुक अडचण येते' असं सांगा. परीक्षेत शब्दकोश चालेल का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

आणि संध्याकाळी बाहेर पडा. कुणी 'देबाखो देल रेलोख' भेटू म्हणालं, तर त्याचा अर्थ प्लाथा मायोर या मुख्य चौकातल्या घड्याळाखाली. अख्खं गाव तिथेच भेटतं. भाषा-अदलाबदलीत मराठी शिकायला कुणी बसत नाही, इंग्रजी हवं असतं. द्या, पण अर्धा तास इंग्रजी आणि अर्धा तास स्पॅनिश, घड्याळ लावून. सुरुवातीला पडलेल्या सवयी सत्रभर टिकतात, म्हणून हे सगळं फेब्रुवारीतच करा.

निघताना

एखादा विषय राहिला तर त्याची 'एक्स्त्राओर्दिनारिया' ही दुसरी संधी जून-जुलैत असते. तिकीट काढण्याआधी तिच्या तारखा बघून घ्या. शेवटच्या आठवड्यात 'थेर्तिफिकादो आकादेमिको'चा, म्हणजे अधिकृत गुणपत्रकाचा अर्ज करा आणि ते इलेक्ट्रॉनिक सहीने थेट तुमच्या कॉलेजला पाठवायला सांगा, एक प्रत तुम्हाला. बदललेल्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटची तिन्ही सह्यांची प्रत त्यासोबत जोडा. खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवा आणि अनामत निघण्याआधी मागा. कुकर आणि उरलेला मसाला पुढच्या सत्राला येणाऱ्या मुलीसाठी ठेवून या. तिला तुमच्या मालकाचा नंबरही द्या.